आबनूसाचं बी आणि आपली झाकरी

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. "घरी मॉरिशसची क्रिओल बोलीच बोलतो, मराठी धड येत नाही, मग मुलांना झाकरी, आपली कोकणातून आलेली चतुर्थीची गाणी, शिकवायचा मला काय अधिकार?" हे तुझं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही.

इल ओ एग्रेतला जाऊन आलीस का कधी? माहेबूरजवळचं जेमतेम २६ हेक्टरांचं बेट. तिथला आबनूस, काळ्या लाकडाचं ते झाड, माणसांनी तोडला. जो उरला त्याची फळं झाडाखालीच पडून कुजायची, कारण ती खाऊन बी दूर नेणारी मॉरिशसची मोठी कासवं केव्हाच नामशेष झाली होती. २००० साली तिथे अल्दाब्राची कासवं आणली, म्हणजे सेशेल्सची. ती फळं खातात, रमतगमत फिरतात, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. तोड झालेल्या जागी आता आबनूसाची कोवळी रोपं दिसतात. कासव परकं, पण झाड इथलंच उगवलं.

अधिकाराचं एवढंच समज. २०२० मध्ये वाकाशिओ जहाजाचं तेल खाडीत पसरलं, तेव्हा माहेबूरच्या किनाऱ्यावर ते अडवायला आम्ही उसाचं पाचट कापडात भरून शिवत होतो. शेजारी कोण बसलंय, कुठल्या घरचं, कुणी विचारलं नाही. हात काळे झाले होते सगळ्यांचे.

पण म्हणून ढिलेपणा चालणार नाही हो! रोमन लिपीतून पाठ केलेलं गाणं दोन पिढ्यांत बिघडतं. मी ते माझ्या कानांनी ऐकलंय. शब्द देवनागरीत उतरव. अर्थ विचार. कुणाच्या तोंडून घेतलंस, त्यांनी कुणाकडून घेतलं, तेही लिही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून आलेल्या आपल्या माणसांनी सामान फारसं आणलं नव्हतं, गळ्यात होतं तेवढंच आणलं. आपले मजूर पोर्ट लुईला ज्या आप्रवासी घाटावर उतरले, त्याच्या पायऱ्या दगडाच्या आहेत, त्यांना २००६ पासून युनेस्कोचं संरक्षण आहे. म्हातारीच्या गळ्यातल्या ओळीला ते कोण देणार? मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, दफ्तरं आहेत, तीही एकदा बघून ये. लक्ष्मणचा लक्सिमों कसा होतो ते कागदावर दिसतं.

आणि घाई करू नकोस. १९७४ मध्ये आपल्या रानात फक्त ४ केस्ट्रेल, म्हणजे इथले छोटे शिकारी पक्षी, उरल्याचं ठाऊक होतं. ती जात वाचवणाऱ्यांनी घरट्यातली अंडी काढून उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली. वर्षानुवर्षं तेच काम, रोज नोंद. तुझंही तसंच असेल: एक आजी, एक ओळ, आणि पुढच्या आठवड्यात तीच ओळ परत.

रविवारी ये. वही आण. चतुर्थी जवळ आलीय आणि घरची ढोलकी उतरली आहे. दोऱ्या ओढायला दुसरे दोन हात लागतात.

तुझे,
मास्तर