साठ भागिले तेहतीस

मैदानाच्या कडेनं : प्रश्न वाचकांचे, उत्तरं सरांची

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे आणि आमच्या संघाची गोलकीपर आहे. गड्ड्याची जत्रा उठल्यानंतर इथं मुलींची फुटबॉलची साखळी स्पर्धा झाली. चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने. आमचे सात गुण झाले, दुसऱ्या एका संघाचेही सात. आम्ही सहा गोल केले, आमच्यावर दोन झाले. त्यांनी सात केले, त्यांच्यावर तीन झाले. फरक दोघांचाही चारच. मग ज्यांनी जास्त गोल केले त्यांना करंडक मिळाला. नियम पत्रकात आधीच छापलेला होता, म्हणून भांडण नाही. पण तीन सामन्यांत माझ्यावर दोनच गोल झाले, त्याला काहीच किंमत नाही का? (एक गोलकीपर, जुळे सोलापूर)

उत्तर : बाळ, तुझं पत्र वाचलं आणि आधी वही काढली. हीच स्पर्धा १९२४ सालच्या इंग्लंडमधल्या नियमानं झाली असती, तर करंडक तुमच्याकडे आला असता.

तेव्हा तिकडं गोलांची वजाबाकी करत नसत, भागाकार करत. केलेले गोल भागिले झालेले गोल. तुमचे सहा भागिले दोन, म्हणजे ३. त्यांचे सात भागिले तीन, म्हणजे २.३३. तुम्ही पुढं.

आणि हा हिशेब नुसता कागदावर राहिला नाही. १९२३-२४ च्या मोसमात इंग्लिश लीगचं पहिल्या श्रेणीचं विजेतेपद याच भागाकारावर ठरलं. एका बाजूला यॉर्कशरमधलं हडर्सफील्ड टाउन, दुसऱ्या बाजूला वेल्समधलं कार्डिफ सिटी. बावीस संघ, प्रत्येकाचे ४२ सामने. विजयाला तेव्हा दोन गुण, बरोबरीला एक. शेवटचा दिवस ३ मे १९२४. त्या सकाळी कार्डिफ ५६ गुणांवर होतं, हडर्सफील्ड ५५ वर.

कार्डिफचा सामना बर्मिंगहॅमच्या मैदानावर होता. जिंकले की काम संपलं, कुणाला भागाकार करायची गरजच नाही. गोल होईना. उत्तरार्धात कार्डिफला पेनल्टी मिळाली. त्यांचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू लेन डेव्हिस पुढं आला, आणि बर्मिंगहॅमचा गोलकीपर डॅन ट्रेमेलिंगनं ती अडवली. सामना ०-० सुटला. तुझ्यासारख्याच हातमोजे घालणाऱ्या एका माणसानं, ज्याच्या संघाला विजेतेपदाशी काही देणंघेणं नव्हतं, लीगचं पारडं फिरवलं.

तिकडं हडर्सफील्ड आपल्या लीड्स रोड मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टशी खेळत होतं. आता पेन्सिल घे आणि माझ्याबरोबर मांड. सामन्याआधी हडर्सफील्डचे गोल होते ५७, त्यांच्यावर झालेले ३३. कार्डिफचे ६१ आणि ३४, भागाकार १.७९४. हडर्सफील्ड २-० नं जिंकलं असतं तर? ५९ भागिले ३३, म्हणजे १.७८८. हुकलं. ३-१ नं जिंकलं असतं तर? ६० भागिले ३४, १.७६५. पुन्हा हुकलं. म्हणजे गुण बरोबरीत आले तरी निदान तीन गोल करायचे आणि एकही होऊ द्यायचा नाही, हीच जवळची वाट उरली होती; एक जरी झाला, तर पाच करावे लागले असते. हडर्सफील्ड ३-० नं जिंकलं. ६० भागिले ३३, म्हणजे १.८१८. दोघांचे गुण ५७, दोघांचा गोलफरक २७, आणि विजेतेपद ०.०२४ नं हडर्सफील्डकडे.

तो तिसरा गोल फार मोलाचा, यात वाद नाही. पण माझं लक्ष खालच्या आकड्यावर, म्हणजे झालेल्या गोलांवर जातं. कार्डिफनं हडर्सफील्डपेक्षा एक गोल जास्त केला होता आणि त्यांच्यावर एक गोल जास्त झाला होता. भागाकारात न झालेला तो एक गोल केलेल्या एका गोलापेक्षा भारी ठरला. हडर्सफील्डचा गोलकीपर टेड टेलर, त्याच्या पुढं बचावात सॅम वॉड्सवर्थ, दोघंही इंग्लंडकडून खेळलेले. त्या मोसमात ४२ सामन्यांत त्यांच्यावर झाले ३३ गोल. पुढच्या मोसमात तर फक्त २८, आणि एकाही सामन्यात त्यांच्यावर दोनपेक्षा जास्त गोल झाले नाहीत.

आमचे वडील मिलमध्ये मागावर होते. पाळी संपवून आले की हात धुवायच्या आधी सांगायचे, आज कापडात डाग किती निघाले. किती वार विणलं हे आईनं विचारल्यावर. मी लहानपणी विचारलं होतं, आधी डाग का सांगता? म्हणाले, "वार सगळेच विणतात." हडर्सफील्डचा तक्ता पाहताना मला प्रत्येक वेळी त्यांचे ते ओले हात आठवतात.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण तुला खूश करण्यासाठी अर्धं सांगणं बरोबर नाही. भागाकाराचा नियम सदोष होता. ज्या संघावर एकही गोल झाला नाही त्याला शून्यानं भागायचं कसं? तीन सामन्यांच्या स्पर्धेत असा संघ सहज निघतो. शिवाय हा नियम संघांना दार लावून बसायला शिकवतो. इंग्लिश लीगनं १९७६-७७ पासून तो सोडला आणि गोलफरक घेतला. तुमच्या आयोजकांनी फरक आणि नंतर जास्त गोल असा क्रम लावला, तो आज पुष्कळ ठिकाणी चालतो. त्या क्रमानं १९२४ चं विजेतेपद कार्डिफचं झालं असतं. कार्डिफला ते आजवर एकदाही मिळालेलं नाही. तुमचा करंडक ज्यांना गेला त्यांच्याशी हात मिळव, आणि तुझे ते दोन गोल कसे झाले ते कागदावर काढून मला पाठव. कुठं उभी होतीस, चेंडू कुठून आला. त्यावर बोलू.

प्रश्न : मागच्या अंकात आपण हडर्सफील्डला "तिकडचं सोलापूर" म्हणालात. मी मिलमध्ये हयात काढलेला माणूस आहे. तिथं खरंच गिरण्या होत्या का? आणि गिरणीमालकांनी क्लब वर आणला की बुडवला? (एक निवृत्त कामगार, अशोक चौक)

उत्तर : होत्या तर. आपल्याकडं सूत, चादर, टॉवेल. तिकडं लोकर. हडर्सफील्डचं सुटाचं उंची कापड जगभर जायचं.

आपल्याला एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपणच नीट ओळखाल. ते गाव मुळात रग्बीचं. शनिवारी सामना म्हणजे कामगाराचा खाडा, आणि खाडा म्हणजे पगारात कपात. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं, खेळाडूला त्या खाड्याचे पैसे द्या. वरच्या मंडळींनी नाही म्हटलं. तेव्हा १८९५ च्या ऑगस्टमध्ये याच हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. आजची रग्बी लीग ती हीच. अशा गावात १९०८ साली फुटबॉलचा क्लब निघाला. आपल्याकडं क्रिकेट आणि कबड्डीच्या गर्दीत फुटबॉलचे दोन खांब रोवायचे म्हणजे काय, हे मी शाळेत ३१ वर्षं पाहिलंय.

पैसा होता हिल्टन क्राउदर यांचा, घराणं लोकरीच्या गिरणीवाल्यांचं. पण प्रेक्षक येईनात, क्लब कर्जात. १९१९ साली शेजारच्या लीड्समधला लीड्स सिटी हा क्लब खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या प्रकरणात लीगमधून काढला गेला. तिथलं मैदान रिकामं. क्राउदर म्हणाले, आपला क्लब उचलून लीड्सला नेऊ. तेव्हा गाव जागं झालं. सभा झाल्या, लोकांनी शेअर घेतले, क्लब गावातच राहिला. आणि त्याच मोसमात संघ पहिल्या श्रेणीत चढला, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथं अॅस्टन व्हिलाकडून एका गोलानं हरला. क्राउदर नव्यानं निघालेल्या लीड्स युनायटेडकडं गेले.

मग १९२१ साली हर्बर्ट चॅपमन आले. हे पूर्वी त्याच बंद पडलेल्या लीड्स सिटीचे व्यवस्थापक, त्या प्रकरणात त्यांच्यावरही बंदी आली होती. बंदी उठली आणि हडर्सफील्डनं त्यांना घेतलं. १९२२ ला एफए कप, १९२४ ला लीग, १९२५ ला पुन्हा लीग. चॅपमन आर्सेनलला गेले, सेसिल पॉटर आले, तरी १९२६ ला तिसऱ्यांदा लीग. सलग तीनदा ती जिंकणारा हा पहिला क्लब. त्यानंतर मात्र आजतागायत एकदाही नाही.

आपण विचारलंत, वर आणला की बुडवला. एकाच माणसानं पैसा घातला आणि त्यानंच उचलून न्यायला काढलं. वाचवला तो शेअर घेणाऱ्यांनी. ज्या लीड्स रोडवर ते ३-० झालं, ते मैदान १९९४ ला बंद झालं. आपल्याकडं मिलचा भोंगा बंद झाला त्या पहाटे किती जण सवयीनं उठून बसले होते, ते आपल्याला मी काय सांगू.

प्रश्न : सर, मी कॉर्नर मारला तो कुणालाही न लागता सरळ गोलात गेला. पंच म्हणाले, थेट धरत नाहीत. खरं का? (आठवीतला विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : धरतात. पूर्वी धरत नसत, १९२४ च्या उन्हाळ्यात नियम बदलला. त्यानंतर ११ ऑक्टोबर १९२४ ला इंग्लिश लीगमध्ये असा पहिला गोल आर्सेनलविरुद्ध झाला, आणि तो मारणारा बिली स्मिथ वर सांगितलेल्या हडर्सफील्डचाच डावा विंगर. त्या एका क्लबाकडून तो लीगचे ५२१ सामने खेळला. फक्त चेंडू समोरच्या संघाच्या गोलात गेला पाहिजे. नियमावलीत सतरावा नियम बघ, छोटासाच आहे. त्याची झेरॉक्स काढून पंच काकांना दे, पण सामना सुरू व्हायच्या आधी आणि नमस्कार करून.