नैराश्यावर उपचार करणारे, डोक्यावर घालायचे उपकरण गोव्यातील रुग्णांसाठी घडवताना प्रथम कशाचा विचार करावा?
प्रथम त्वचेचा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी उपकरणे साधारणतः २ मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युतप्रवाह कपाळाच्या डाव्या बाजूमागील मेंदूच्या भागाकडे सोडतात. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज असतो. गोव्याच्या दमट हवेत घामाचा ओलावा कडेने पसरला, तर प्रवाह ठरलेल्या जागेबाहेर वाहतो, आणि स्पंज एखाद्या बाजूने सुकला, तर उरलेल्या जागी प्रवाह एकवटून त्वचा भाजू शकते. म्हणून इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्या संपर्कातील विद्युतरोध सतत मोजणारी आणि तो वाढताच प्रवाह हळूहळू शून्यावर आणणारी व्यवस्था मला उपकरणाच्या रंगरूपापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

दुसरे म्हणजे, रुग्णाला यंत्राच्या हवाली करून एकटे सोडू नये. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेच्या प्रशिक्षित समुपदेशकांनी दिलेले संक्षिप्त उपचार परिणामकारक ठरल्याचे संशोधन २०१७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. उपकरणाचा वापर अशा भेटींना जोडूनच आखावा. आत्महत्येचे विचार आल्यास 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाशी लगेच संपर्क साधण्याची सोय उपकरणासोबतच्या ॲपच्या पहिल्याच पडद्यावर असावी.