भिंतींवरच्या डायनोसॉरना काही अर्थ असतो का, की ती नुसती सजावट?

तुम्ही विचारलंय की शहरात पुलांखाली, शटरवर, कुंपणाच्या भिंतींवर इतके डायनोसॉर का रंगवलेले दिसतात, त्यामागे काही विचार असतो का, आणि ते शास्त्राला धरून असतात का. तुमच्या रोजच्या वाटेवर पुलाखाली तीन शिंगांचा एक हिरवा प्राणी आहे, त्याच्याकडे बघून हा प्रश्न सुचला, असंही लिहिलंय. मी अकरा वर्षं भिंती रंगवते आहे. त्यातल्या बऱ्याच भिंतींवर डायनोसॉर आहेत, काहींवर होते.

माझ्यापुरतं कारण एकच आहे: माप.

पुस्तकाच्या पानावर व्हेलोसिरॅप्टर आणि जिराफटायटन जवळपास सारखेच दिसतात. यातला पहिला शेपटीसकट जेमतेम २ मीटर लांब आणि कमरेशी अर्धा मीटर उंच, म्हणजे आपल्या गुडघ्याला लागेल एवढा. दुसऱ्याचा बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात उभा केलेला सांगाडा १३.२७ मीटर उंच आहे. पानावर दोघांनाही वीतभरच जागा मिळते. प्लास्टिकच्या खेळण्यांतही तेच. संग्रहालय सोडलं तर हा प्राणी त्याच्या खऱ्या मापात बघायला मिळण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे भिंत. इमारतीच्या बिनखिडक्यांच्या बाजूवर जिराफटायटनची मान चढवली तर डोकं चौथ्या मजल्यापाशी पोचतं, आणि त्या मजल्यावर राहणाऱ्याला पहिल्यांदाच कळतं की आपण कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर राहतो.

हे मला एका भिंतीने शिकवलं. ३ मीटर उंचीची लांबलचक कुंपणाची भिंत होती आणि तिच्यावर टी. रेक्स, म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स हा प्रचंड मांसाहारी डायनोसॉर, काढायचं ठरलं होतं. कागदावर चित्र व्यवस्थित बसत होतं. प्रत्यक्ष भिंतीवर मी टेप लावून १२ मीटर मोजले, खडूने खुणा केल्या आणि कमरेची उंची टाकायला गेले, तर ती ४ मीटरच्या आसपास. भिंत कमरेच्याही खाली संपत होती. एक तर प्राणी लहान करायचा, नाहीतर भिंतीला तो कापू द्यायचा. मी कापू दिला. भिंतीवर आले ते फक्त दोन पाय आणि वरच्या काठाशी पोटाची थोडी कड. बाकी सगळी जमीन, नेचे आणि पावलांचे ठसे. काम देणाऱ्यांना जबडा हवा होता, त्यामुळे ते नाराज झाले आणि त्यांची समजूत घालायला मला दोन दिवस लागले.

काम संपलं त्या संध्याकाळी मी समोरच्या कट्ट्यावर बसून होते. माणसं थांबत होती. पायाच्या नखाला हात लावून बघत, नजर गुडघ्यापर्यंत नेत आणि मग मान वर करून भिंतीच्या वरचं मोकळं आकाश बघत. तिथे मी काहीच रंगवलेलं नव्हतं. उरलेला प्राणी ती स्वतःच उभा करत होती. त्यानंतर मी डायनोसॉर लहान करून रंगवणं सोडून दिलं.

हे प्राणी लोकांसमोर मोठ्या मापात आले ते काही आजकाल नाही. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ मध्ये घडवला आणि अवघ्या १२ वर्षांत, १८५४ मध्ये, बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवलेले पूर्णाकृती डायनोसॉर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत उभे राहिले. त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत त्याच जातकुळीचे बरेच सांगाडे सापडले आणि ते ‘शिंग’ खरं तर अंगठ्याचा काटा आहे हे पक्कं झालं. बागेतला इग्वानोडॉन अजूनही नाकावर शिंग घेऊन उभा आहे. तो कुणी दुरुस्त केला नाही याचा मला फार आनंद वाटतो. १८५४ साली माणसाला किती माहीत होतं, ते तिथे तसंच्या तसं बघता येतं.

भिंतींचंही तसंच आहे. चार्ल्स नाइट यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी प्रचंड चित्रं केली, टी. रेक्स आणि तीन शिंगांचा ट्रायसेरॅटॉप्स आमनेसामने, हे दृश्य त्यातलंच. रुडॉल्फ झालिंगर यांनी १९४३ ते १९४७ या काळात येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात एक सलग भित्तिचित्र केलं, ११० फूट लांब, १६ फूट उंच, वाळलेल्या गिलाव्यावर. साडेचार वर्षं एका भिंतीवर! त्यांचे डायनोसॉर शेपूट टेकवून, अंग जड करून उभे आहेत, कारण तेव्हाची समजूत तशीच होती. १९६९ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ मांसाहारी डायनोसॉरचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यासोबत रॉबर्ट बॅकर यांनी काढलेलं चित्र होतं, आणि त्या चित्रातला प्राणी शेपूट आडवी ताठ धरून धावत होता. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स पुढे आला, अंगावर पिसांसारखी लव असलेला.

म्हणून ‘बरोबर आहेत का’ असं विचारण्याऐवजी ‘कधीचे आहेत’ असं विचारून बघा. चित्र काल रंगवलेलं असेल, पण त्यातला प्राणी १९४५ सालचा असू शकतो. शेपूट जमिनीवर घासत असेल तर तो जुन्या समजुतीतला. मांसाहारी डायनोसॉरचे तळवे जमिनीकडे वळलेले असतील, ससा पुढचे पाय वर धरून बसतो तसे, तर रंगवणाऱ्याने सांगाडा बघितलेला नाही. त्यांचं मनगट तसं वळतच नव्हतं, टाळी वाजवताना असतात तसे तळवे एकमेकांकडे असायचे. व्हेलोसिरॅप्टर अंगाने उघडा, खवल्यांचा असेल तर तो २००७ च्या आधीचा म्हणायचा, कारण त्या वर्षी त्याच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळं बसण्याच्या गाठी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. वर आकाशात उडणारे टेरोसॉर मुळात डायनोसॉर नाहीतच. आणि पाठीवर उभ्या टोकदार पाट्यांची रांग असलेला स्टेगोसॉरस व टी. रेक्स यांची झुंज तर मी किमान वीस भिंतींवर पाहिली असेल. स्टेगोसॉरस १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्स ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्या दोघांतलं अंतर टी. रेक्स आणि आपल्यातल्या अंतरापेक्षा मोठं आहे.

चूक दिसली की मला चित्रकाराचा राग येत नाही. भिंतीवर परांची बांधून, मास्क लावून दिवसभर उभं राहणं सोपं नसतं. पण एका सांगाड्याचा फोटो बघायला दहा मिनिटं पुरतात, आणि ज्या चित्रापुढून रोज शेकडो मुलं जाणार त्यासाठी ती दहा मिनिटं द्यायलाच हवीत, असं माझं ठाम मत आहे.

रंगाचं मात्र निराळं आहे. ‘रंग काय, कुणालाच माहीत नाही, काहीही मारा’ असं भिंतीवरची मंडळी सर्रास म्हणतात. आता ते अर्धंच खरं आहे. पिसांच्या आणि त्वचेच्या जीवाश्मांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांचे अवशेष टिकतात आणि त्यांच्या आकारावरून रंग ताडता येतो. सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, हे २०१० मध्ये पुढे आलं. मायक्रोरॅप्टर कावळ्यासारखा चमकदार काळा होता, हे २०१२ मध्ये. सिटॅकोसॉरस आणि बोरिआलोपेल्टा हे दोघे पाठीकडे गडद आणि पोटाकडे फिके होते, हे अनुक्रमे २०१६ आणि २०१७ मध्ये. पाठ गडद, पोट फिकं ही छटा स्प्रेने इतकी सुंदर उतरते! रुंद कॅपने, म्हणजे डब्याच्या रुंद फवारा देणाऱ्या तोंडाने, वरून गडद रंगाचा फवारा लांबून सोडत यायचं, खाली फिका, आणि मधे दोन्ही एकमेकांत विरघळू द्यायचे. ब्रशने तासभर घासून जे जमत नाही ते दोन हातांत होतं. खवले नंतर बारीक कॅपने, तेही फक्त जिथे उजेड पडतो तिथेच. सगळं अंग खवल्यांनी भरलं की भिंत जाळीसारखी दिसायला लागते.

ग्राफिटीवाल्यांना हे प्राणी जवळचे का वाटतात, याला आणखी एक धागा आहे. व्हॉन बोडी या अमेरिकी व्यंगचित्रकाराचं १९७५ मध्ये तरुण वयातच निधन झालं, पण त्यांची सरड्यासारखी पात्रं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर रंगवणाऱ्या पोरांनी उचलली आणि नावांच्या अक्षरांशेजारी वर्षानुवर्षं काढली. अक्षरांच्या बाजूला एखादं ‘कॅरेक्टर’ उभं करायची रीत आहे, आणि सरपटणारा प्राणी त्या जागेत फार छान बसतो: शेपूट अक्षराखालून काढता येते, मान वरून वळवता येते. वाइल्डस्टाइल या ग्राफिटी शैलीतली टोकदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं बघितली की मला स्टेगोसॉरसची पाठच दिसते.

आता अर्थाबद्दल. काही भिंतींवर डायनोसॉर नामशेष होण्याची आठवण म्हणून येतो, शहराने गिळलेल्या जमिनीची आठवण म्हणून येतो; ते मला पटतं. न पटणारी एक गोष्ट म्हणजे पेट्रोल पंपाच्या नळीतून निघणारा डायनोसॉर. हे चित्र जगभर दिसतं. सिंक्लेअर ही अमेरिकी तेल कंपनी १९३० पासून जाहिरातींत डायनोसॉर वापरत आली, त्यामुळे ही जोडी लोकांच्या मनात घट्ट बसली. प्रत्यक्षात खनिज तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांपासून आणि शेवाळांपासून झालं, डायनोसॉरपासून नाही. मला एकदा हेच चित्र सांगितलं होतं तेव्हा मी नकार दिला आणि त्याऐवजी दुसरं सुचवलं. पुलाखालच्या त्या जागी कबुतरं ओळीने बसायची. मी त्यांच्या बसण्याच्या कडेखाली प्रत्येकाची एक लांब सावली रंगवली, आणि सावली होती दोन पायांच्या मांसाहारी डायनोसॉरची. पक्षी हे डायनोसॉरच आहेत, त्यांच्याच एका शाखेतून आलेले. ते संपलेच नाहीत. आजवर केलेल्या कामांत ती भिंत मला सगळ्यात प्रिय आहे. कबुतरं बसलेली नसतील तेव्हा ती अपुरी दिसते, आणि ते मी तसंच ठेवलं.

परवानगीबद्दलही लिहिते, कारण तुम्ही स्वतः भिंत करायचा विचार करताय असं प्रश्नाच्या शेवटी वाटलं. भिंतीच्या मालकाचा होकार लेखी घ्या, आणि चित्र किती काळ राहील हेही त्यात लिहून घ्या. माझं एक २० मीटरचं काम एका सकाळी पांढरं फासलेलं सापडलं. कुणी, का, हे सांगायलाही कुणी पुढे आलं नाही. न्यूयॉर्कमधल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या ग्राफिटीने भरलेल्या इमारतीवरची चित्रं २०१३ मध्ये रातोरात पांढरी केली गेली, तेव्हा चित्रकार न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७.५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. पण तो तिथला कायदा. सगळीकडे तसं संरक्षण नसतं. जुन्या दगडी इमारतींवर स्प्रे मारू नका, दगड रंग पितो आणि तो काढायला लागणारी रसायनं दगडच खातात. खऱ्या जीवाश्मांच्या किंवा पावलांच्या ठशांच्या खडकावर तर एक रेघही नको. बाकी भिंतीला ओल आहे का ते आधी बघा, पोपडे खरवडा, प्रायमर मारा आणि सुरुवात पावलांपासून करा. पाऊल जमिनीला नीट टेकलं नाही तर वरचं कितीही चांगलं झालं तरी प्राणी तरंगतो.

आता तुमचा हिरवा प्राणी. वर्णनावरून तो ट्रायसेरॅटॉप्स दिसतोय. उद्या जाताना दोन गोष्टी बघा. त्याच्या पुढच्या पायाची बोटं मोजा: खऱ्या प्राण्याला तिथे पाच बोटं होती, पण खुरासारखी नखं आतल्या तीनच बोटांना, मागच्या पायाला चार बोटं. चित्रात असंच असेल तर रंगवणारा सांगाडा समोर ठेवून बसला होता. मग चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत नेहमीच्या चालीने चालत जा. हा प्राणी ८ ते ९ मीटर लांब असायचा, म्हणजे साधारण १२ पावलं. तितकी भरली तर कोपऱ्यात सही शोधा आणि मला कळवा. मला ती भिंत बघायला यायचंय.