वाचक विचारतात : वॉटसनचं पिल्लू गेलं कुठे?

प्रश्न : माझी नववीतली नात सध्या शेरलॉक होम्सच्या गुप्तहेरकथांमध्ये बुडालेली असते. परवा म्हणाली, "आजोबा, होम्सच्या मित्राचं, वॉटसनचं कुत्र्याचं पिल्लू त्यांच्या घरमालकिणीनं, मिसेस हडसननं खाली आपल्याकडे ठेवून घेतलं, हे माझं हेडकॅनन आहे." मी म्हटलं, असं पुस्तकात कुठेच नाही. तर म्हणते, "म्हणूनच तर!" हा काय प्रकार?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नातीचं 'म्हणूनच तर' अगदी बरोबर आहे. चाहत्यांच्या बोलीत कॅनन म्हणजे मूळ, सगळ्यांनी मानलेला मजकूर. होम्सच्या बाबतीत त्याचा लेखक आर्थर कॉनन डॉयलच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. त्यात लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्यानं आपल्यापुरतं खरं धरलंय, ते त्याचं हेडकॅनन.

पिल्लू मात्र पुस्तकात आहे हं! 'अ स्टडी इन स्कार्लेट' या पहिल्या कादंबरीत एकत्र राहण्याआधी होम्स आणि वॉटसन आपापले दोष सांगून टाकतात, तेव्हा वॉटसन म्हणतो, मी कुत्र्याचं पिल्लू पाळलंय. पुढे ते पिल्लू गायबच! डॉयल असल्या बाबतीत भलताच बेफिकीर. वॉटसनला गोळी लागते ती पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. नाव जॉन, आणि एका कथेत बायको म्हणते जेम्स! त्यावर डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेनं तोड काढली : 'जॉन एच. वॉटसन'मधला एच म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचं हेडकॅनन! बीबीसीच्या 'शरलॉक' मालिकेनं ते उचललंसुद्धा.

एकच कल्पना बऱ्याच जणांनी धरली की तिला फॅनॉन म्हणतात. दुसऱ्याच्या गळ्यात मात्र मारायची नाही, एवढं पथ्य.

माझंही एक हेडकॅनन आहे. पुस्तकात अफगाण युद्धावर निघालेला वॉटसन मुंबईत उतरतो आणि पलटण पुढे गेल्याचं त्याला इथेच कळतं. आख्ख्या मुंबईच्या वाट्याला एवढंच! माझा वॉटसन त्या दिवशी अपोलो बंदराजवळ कैरीचं पन्हं पितो, आणखी एक पेला मागतो, आणि पुढे लंडनच्या धुक्यात त्याला ते अधूनमधून आठवतं. "उन्हाळा होता कशावरून?" असं माझा मुलगा विचारतो. कशावरूनही नाही.

बाकी, पिल्लाचं नाव काय ठेवलंय नातीनं? पुस्तकात दिलेलं नाही.