मुलुंडच्या घराच्या अंगणातली चिकणमाती वाळू मिसळून भुसभुशीत होईल का?

नाही, वाळूऐवजी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला. चिकणमातीचे कण ०.००२ मिमीपेक्षाही बारीक असतात. थोडीथोडकी वाळू घातली तर ते तिच्या फटीत बसतात आणि उन्हाळ्यात माती विटेसारखी कडक होते. सेंद्रिय खतामुळे मात्र याच कणांचे रवाळ गोळे बनतात, मुळांना हवा मिळते, पाणीही झिरपतं. दोन-तीन इंच थर पसरून वरच्या सहा-आठ इंचांत कालवा. हे काम मे महिन्यातच उरका, पावसात ओल्या मातीला फावडं लावू नका (तुडवूही नका!), केलेलं सगळं वाया जातं. दर वर्षी थोडं खत घालावंच लागेल. जिप्सम (माती सुधारायला वापरतात ते कॅल्शियमयुक्त खनिज) सरसकट टाकू नका. ते सोडियम जास्त असलेल्या जमिनीलाच उपयोगी. घर खाडीलगतच्या भरावावर असेल तर आधी माती तपासून घ्या.