पोरीची फी माफ झाली, मग सव्वा दोन लाख कशाला लागतात?

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. शेती पाच एकर, तीनात कापूस आणि दोनात केळी, त्यातली निम्मी केळी जूनच्या वादळात आडवी झाली. पोरीला पुण्यात एका खासगी कॉलेजला कॉम्प्युटर लागलंय, कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या राउंडमधून. कॅटेगरी ओबीसी, उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारचा, बारावीला ७८ टक्के. हातात रोख ३० हजार आणि बँकेत ३ लाखांची एफडी, तिला अजून १४ महिने आहेत. कॉलेजजवळच्या मुलींच्या हॉस्टेलचे वर्षाचे ९६ हजार, एकरकमी भरले तर १० हजार सूट, नाहीतर दोन हप्ते. डिपॉझिट १५ हजार वेगळं. आणि यात भर म्हणून पुण्यातले साडू म्हणतायत की भाडं कशाला भरता, रस्त्यालगतचा अर्धा एकर विका, १२ लाख येतील, वन बीएचके घेऊन टाका, चार वर्षं पोरगी राहील आणि फ्लॅटही होईल. भाऊंनी शेवटी विचारलंय, "एफडी मोडू, सोनं ठेवू का वावर इकू, काय करू भो?"

भाऊ, आधी अर्धा एकर बाजूला ठेवा. काहीच विकायचं नाहीये. तुमचा मेसेज मी दोनदा वाचला आणि मला तरी यात पैशाची अडचण कमी आणि तारखांची जास्त दिसतेय. पैसा ऑगस्टमध्ये जातो, कापूस दिवाळीनंतर येतो आणि सरकारचं जे काही यायचंय ते त्यांच्या सवडीने येतं. मधले पाच महिने सांभाळायचेत, बस.

फीचं आधी सांगतो कारण अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ज्या घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, अट एवढीच की अ‍ॅडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नको, आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नको. तुमची पोरगी यात बसते. म्हणजे सव्वा लाखाची ट्यूशन फी तुमच्या डोक्यावर नाही. पण डेव्हलपमेंट फी माफ नाही, हॉस्टेल माफ नाही, मेस माफ नाही, आणि "फी माफ झाली" असं ऐकून गावात पेढे वाटून बसलेले बाप सप्टेंबरमध्ये माझ्याकडे तोंड वाळवून येतात ते याच कारणाने. शिकणं फुकट झालंय, राहणं नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून पहिल्या वर्षाचा हिशोब मी मांडला. डेव्हलपमेंट आणि बाकी किरकोळ १८ हजार, हॉस्टेल ९६, डिपॉझिट १५, मेस महिना ३,८०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३८, लॅपटॉप ४८, पुस्तकं आणि येणंजाणं १०, झाले २ लाख २५ हजार. पुढची तीन वर्षं डिपॉझिट आणि लॅपटॉप नाही, येण्याजाण्याला जरा जास्त धरलं तरी वर्षाला १ लाख ६४ हजार. चार वर्षांचे मिळून ७ लाख १७ हजार. आकडा मोठा आहे, मान्य, पण तो एका दिवशी भरायचा नाहीये ना.

आता साडूंचा फ्लॅट. त्यांचा हेतू चांगला असेल, पण वही काढून बसू. ते म्हणतात तो फ्लॅट ४२ लाखांचा. बँक साधारण ८० टक्के देते, म्हणजे ८ लाख ४० हजार तुमचे. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, वहिनींच्या नावावर घेतला तर ६, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. म्हणजे दारात पाय ठेवायच्या आधीच ११ लाख २२ हजार ते ११ लाख ६४ हजार गेले, अर्धा एकर तिथेच संपला. उरलेल्या ३३ लाख ६० हजारांचा हप्ता साडेआठ टक्क्याने २० वर्षांचा धरला तरी महिना २९ हजार. दर महिन्याला. केळी दर महिन्याला कापली जाते का? आणि हॉस्टेल-मेस मिळून महिन्याला पडतात १२ हजारांच्या आत. शिवाय इन्कम टॅक्स रिटर्न नसलेल्या शेतकऱ्याला एवढं होमलोन द्यायला बँका किती खळखळ करतात ते साडूंना माहीत नसावं. पोरगी १८ वर्षांची, पहिल्यांदा घराबाहेर, ती शहराच्या टोकाला रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटी राहणार, गॅस, लाईट बिल, सोसायटी मेंटेनन्स बघणार की एम-थ्री (इंजिनिअरिंगचं गणित) करणार? आणि चार वर्षांनी जॉब लागला बंगळुरूला तर? नाही. वावर इकायचं नाही. साडूंना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेतो.

पतसंस्थेचंही तुम्ही हळूच विचारलंय, १४ टक्क्याने लगेच देतात म्हणून. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेचं नाव काढलं की काय आठवतं ते मी वेगळं सांगायला नको, माझ्या सासऱ्यांची रिटायरमेंटची रक्कम अशाच एका ठिकाणी अडकली आणि ते गेले तरी ती आली नाही. ते ठेवीचं झालं, कर्जाचं वेगळं, पण तिथून कर्ज न घेण्याचं खरं कारण दुसरंच आहे, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर केंद्राची जी सवलत आहे ती शेड्यूल्ड बँकेच्या एज्युकेशन लोनलाच मिळते, पतसंस्थेच्या कर्जाला नाही.

तर एज्युकेशन लोन. "पोरीच्या डोक्यावर कर्ज नको" असं तुम्ही लिहिलंय, भावना समजते, तरी हे ऐका. बँकांच्या ठरलेल्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, तुम्ही फक्त सहकर्जदार म्हणून सही करायची. कॉलेज केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी कर्ज योजनेच्या संस्थांच्या यादीत असेल तर आणखी सोपं, तिथे जामीनदारही मागत नाहीत, पोर्टलवर बघून घ्या. हॉस्टेल आणि मेसचा खर्च या कर्जात बसतो, बाहेरचं हॉस्टेल असलं तरी वाजवी रक्कम धरतात. आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स प्रोफेशनल असेल तर शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. कॉलेजला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं मानांकन पाहिजे, आणि फी माफ असताना किंवा दुसरी सरकारी मदत घेताना ही सवलत मिळते का, तेवढं विचारा.

याचा अर्थ काय ते बघा. दरवर्षी १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले, १० टक्के सरळ व्याज धरलं, तर पाच वर्षांत व्याज होतं १ लाख ४० हजार. सवलत मिळाली तर ते तुम्ही भरत नाही. पाच वर्षांनी पोरगी नोकरीला लागली की ४ लाखांचे ४ लाखच उभे, सात वर्षांत फेडले तर हप्ता ६,६०० च्या आसपास. एवढा हप्ता कॉम्प्युटरवाली पोरगी स्वतः भरेल, भरू द्या तिला. पीक कर्जातून भागवायचा विचार मात्र सोडा, ते वेळेत परत नाही गेलं की व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला बियाण्याला हात पसरावा लागतो.

दुसरा पैसा आहे तो ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसी (विशेष मागास) मुलांसाठी. घर सोडून दुसऱ्या शहरात शिकणाऱ्यांना, पुण्यासाठी वर्षाला ६० हजार, त्यात जेवणाचे ३२, राहण्याचे २० आणि निर्वाहाचे ८. उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, तुमचं आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर हे मिळत नाही, दोन्ही एकदम नाही. जागा मर्यादित आणि यादी मेरिटवर, म्हणून मी हे पैसे हिशोबात पकडतो पण त्यांच्यावर विसंबत नाही. आले तर चार वर्षांत २ लाख ४० हजार, आणि मग कर्ज वजा जाता घरून घालायचे ७७ हजार फक्त, चार वर्षांत मिळून. नाही आले तर वर्षाला ८० हजाराच्या आत. तेही तुम्हाला झेपतं. (असाच मेसेज नंदुरबारहून आदिवासी मुलाचा आला असता तर स्वयं योजना सांगितली असती आणि एससी असता तर स्वाधार, ज्याचं त्याने बघावं.)

आता खरी गोची. हे सगळे पैसे येतात आधार लिंक असलेल्या खात्यात, म्हणजे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही, तर एनपीसीआयला (बँकांमधले पैसे इकडून तिकडे पाठवणारी संस्था) आधारशी शेवटचं जे खातं जोडलंय त्यात. मागच्या वर्षी पारोळ्याकडचे एक आप्पा माझ्याकडे आले, स्कॉलरशिपचं स्टेटस "रक्कम जमा" दाखवतंय आणि पासबुकात दमडी नाही. तीन चकरा कॉलेजला, दोन समाज कल्याणला. शेवटी मी पोराला म्हटलं, दुसरं कुठलं खातं उघडलं होतं का रे? तर अकरावीत असताना गावात कॅम्प लागला होता, अंगठा घेऊन झिरो बॅलन्सचं खातं उघडून दिलं होतं, पासबुक आईने पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं. एन्ट्री मारून आणली तर पैसे पाच महिन्यांपासून तिथे पडून. हसावं का रडावं. तर पोरीचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आजच बघा, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता, डोमिसाईल यांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का तेही. वडिलांच्या नावात एका कागदावर "भाऊ" जोडलंय आणि एकावर नाही, यावरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

हॉस्टेलची १० हजारांची सूट. हिशोबाने बघाल तर पाच महिने आधी पैसे भरल्याचे १० हजार म्हणजे फारच चांगला भाव आहे, कुठली एफडी देणार एवढं. तरी आत्ता घेऊ नका. पोरगी अजून बेटरमेंटला आहे, म्हणजे वरच्या कॉलेजसाठी थांबलीय, सीट फ्रीज (पक्की) केलेली नाही असं तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्या राउंडला वरचं कॉलेज लागलं शहराच्या दुसऱ्या टोकाला तर हे ८६ हजार परत मिळवायला तुम्ही चोपड्याहून किती चकरा मारणार? सीट फ्रीज झाल्यावर पहिला हप्ता भरा, महिनाभर राहू द्या, पाणी किती वाजता जातं, मेसची पोळी कशी असते, ते कळू द्या, आणि मग मालकाला म्हणा आता बाकीचे एकरकमी देतो, सूट द्या. बहुतेक जण देतात. डिपॉझिट परत कधी मिळणार ते पावतीवर लिहून घ्या, आणि प्रत्येक पावती पोरीच्या नावाची, कारण बँकेला आणि आधार योजनेला तीच लागते. त्याआधी कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्टेलला आणि पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीला अर्ज टाकलाय का? ग्रामीण मुलामुलींसाठी १९५५ पासूनची संस्था आहे, कमी पैशात राहणं-खाणं होतं, मुलाखत घेतात. तिथे लागलं तर मी वर मांडलेला अर्धा हिशोब खोडावा लागेल आणि मला आनंदच होईल.

जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीचा पर्याय तुम्ही उगाच शेवटच्या ओळीत टाकलाय असं वाटलं. फी दोन्हीकडे माफच आहे, फरक राहण्याचा. तेवढ्यासाठी पोरीची ब्रांच बदलू नका, तिला स्वतःला जळगाव पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी.

राहिला ऑगस्ट. लगेच लागणार डेव्हलपमेंटचे १८, डिपॉझिट १५, हॉस्टेलचा पहिला हप्ता ४८, येण्याजाण्याचे १० आणि दोन महिन्यांची मेस ७,६००, म्हणजे ९८,६००. लॅपटॉप दिवाळीनंतर, पहिल्या सेमला कॉलेजच्या लॅबवर भागतं, पोरगी तोंड फुगवेल, फुगवू द्या. हातातले ३० वजा केले तर कमी पडतात ७० हजार. त्यासाठी एफडी मोडायची नाही आणि वहिनींच्या पाटल्याही काढायच्या नाहीत. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त लावतात, ७० हजारांचं पाच महिन्यांचं व्याज अडीच हजारांच्या आसपास. एफडी जशीच्या तशी राहते. कर्जाचा पहिला लाख आला की आधी तो ओव्हरड्राफ्ट भरून टाका, कापसाच्या पैशातून लॅपटॉप आणि जानेवारीचा हप्ता.

सोमवारी बँकेत जाताना एफडीची पावती, दोघांचं आधार, पॅन आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर एकाच पिशवीत न्या, एज्युकेशन लोनचा फॉर्मही त्याच चकरेत मागा. "साहेब रजेवर आहेत" म्हणाले तर पोर्टलवर अर्ज भरून त्याची प्रिंट घेऊन परत जा, मग बोलतात. आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्सने डबा पाठवाल तेव्हा कळण्याचं पीठ पाठवू नका, हॉस्टेलला चूल नसते, शेव आणि ठेचा पाठवा, तो आठ दिवस टिकतो.