राजे देव नेमतो असं बायबल सांगतं, मग जुलमी राज्यकर्त्यापुढे गप्प बसायचं का?

तुम्ही विचारलंय की बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायाप्रमाणे सगळे अधिकारी देवाने नेमलेले असतील, तर जुलमी राजाही देवाचाच माणूस ठरतो का. नाही ठरत. ही एक ओळ तोडून समोरच्याचं तोंड बंद करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

आधी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा 4था अध्याय उघडा. बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात आभाळाला भिडलेलं झाड पाहतो. ते तोडायचा हुकूम सुटतो, पण बुंधा मुळांसकट जमिनीत ठेवायचा असतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजवायला नको. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओलांड्यावर नुसती खुंटं उरतात, बाग मेल्यासारखी दिसते, पण वेल कोणी उपटत नाही. राजाचं राज्य जातं ते असंच, परत मिळण्याची सोय ठेवून. अट एकच, खरी सत्ता स्वर्गाची आहे हे त्याने ओळखायचं (वचन 26).

27वं वचन तर लोक वाचतच नाहीत. तिथे स्वप्नाचा अर्थ सांगणारा यहूदी संदेष्टा दानीएल राजाला तोंडावर सांगतो की पापं सोड, गरिबांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझं स्वास्थ्य टिकेल. 12 महिने जातात. राजवाड्यावर फिरताना राजा म्हणतो, ही थोर बाबेल मी माझ्या बळावर बांधली. (त्याच्या नावाचे शिक्के मारलेल्या विटा उत्खननात खरोखरच सापडल्या आहेत.) शब्द तोंडात असतानाच तो माणसांतून हाकलला जातो. बैलासारखं गवत खातो, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात, नखं पक्ष्यांसारखी होतात. मानवांच्या राज्यावर परात्पर देवाची सत्ता आहे, हे या अध्यायात 17, 25 आणि 32 अशा तीन वचनांत बजावलंय.

नीतिसूत्रे 21:1 मध्ये राजाचं मन देवाच्या हातातलं पाटाचं पाणी आहे. दारं धरणारा फावड्याने एका वाफ्याचं तोंड बुजवतो, दुसऱ्याचं फोडतो. पाण्याला त्यातलं काही कळावं लागत नाही. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल घेणाऱ्या पारसाच्या राजा कोरेशाने (सायरसने) आपल्या मातीच्या लेखात श्रेय बाबेलच्या मर्दुक देवाला दिलं, तरी यशया 45 त्याला परमेश्वराचा अभिषिक्त, म्हणजे त्याने निवडलेला, म्हणतो. आणि यशया 10 मध्ये अश्शूरचं साम्राज्य देवाच्या रागाची काठी आहे, पण गर्वाबद्दल शिक्षा त्यालाही आहे. देवाने वापरून घेतलं म्हणजे देवाला पसंत पडलं, हा अर्थ कुठून काढतात?

पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा रोममध्ये जुलमासाठी बदनाम झालेला सम्राट नीरो गादीवर होता, म्हणून ‘त्या काळी राजे चांगले होते’ ही सबब चालत नाही. 13:4 मध्ये अधिकाऱ्याला ‘देवाचा सेवक’ म्हटलंय, आणि तेही तुझ्या हितासाठी. सेवकाने धन्याविरुद्ध हुकूम दिला तर काय करायचं ते प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये येशूचा शिष्य पेत्र सांगतो: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

मात्र यावरून प्रत्येक बंडाला मोकळीक मिळत नाही. यिर्मया 27 मध्ये यहूदाच्या राजाला बाबेलचं जू मानेवर घ्यायलाच सांगितलंय. नकार कसा द्यायचा हे दानीएल 6 मध्ये पाहा. पुढच्या राजाचा, दारयावेशाचा, देवाच्या प्रार्थनेवर मनाईहुकूम निघाल्यावरही दानीएल खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करतो, पळून जात नाही, शिक्षा म्हणून सिंहांच्या गुहेत टाकला जातो, आणि सकाळी तिथूनच त्याच राजाला म्हणतो, ‘महाराज, चिरायू असा.’